ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांनी संशोधनाच्या मागे लागावे का?

लॅबकर: 'मूळगाव' यांनी काल लिहिले की, अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांनी, म्हणजे नेहमीच्या वैद्यकशास्त्राबरोबर सांधे-स्नायूंवर हातांनी करायचे उपचारही शिकवणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांनी, खेडोपाडी डॉक्टर पुरवावेत आणि संशोधन मोठ्या विद्यापीठांवर सोडावे. अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी पाव हिश्शाहून अधिक जण आज डी.ओ. (ऑस्टिओपॅथिक पदवीचे डॉक्टर) होत आहेत, तरी एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या निधीत या महाविद्यालयांचा वाटा एक टक्काही नाही. याचे कारण प्राध्यापकांचा आळस नव्हे. बहुतेक महाविद्यालयांना स्वतःचे रुग्णालय नाही, तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी गावोगावच्या इस्पितळांत विखुरतात, आणि मूलभूत विषयांचा प्राध्यापक व्याख्यानांतून उरलेल्या वेळात अनुदानाचा अर्ज लिहितो. एनआयएचचे आर-१५ हे संशोधन अनुदान तिच्याकडून कमी पैसा मिळणाऱ्या संस्थांसाठीच आहे, परंतु प्राथमिक निष्कर्ष जोडल्याशिवाय परीक्षक सहसा हलत नाहीत. ते निष्कर्ष मिळवण्यासाठी नव्या प्राध्यापकाला शिकवण्यातून सूट, बीजनिधी (संशोधन सुरू करण्यापुरता पैसा) आणि अर्जाचे अंदाजपत्रक सांभाळणारे कार्यालय द्यावे लागते.

मूळगाव: बीजनिधी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येतो, एवढे तरी मान्य करा. माझ्या मुलीच्या महाविद्यालयाने संशोधन केंद्राचे थाटात उद्घाटन केले, आणि त्याच वर्षी स्त्रीरोग विभागातील रोटेशन (इस्पितळातले काही आठवड्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण) तिला स्वतः फोन करून शोधावे लागले. कर्ज मात्र पूर्ण शुल्काचे आहे.

पाठकणा: दोघेही मूळ प्रश्न टाळत आहात. ज्या हस्तोपचारांमुळे ही पदवी वेगळी ठरते, ते लागू पडतात की नाही, हे दुसरे कोण तपासणार? 1999 च्या कंबरदुखीच्या चाचणीत हस्तोपचार घेणाऱ्या आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला, पण हस्तोपचारांच्या गटाला औषधे कमी लागली. टेक्सासमधील 455 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्षही 2013 मध्ये अनुकूल आले.

लॅबकर: 2021 मध्ये प्रसिद्ध झालेली फ्रान्समधील 400 रुग्णांची चाचणी आपण सोयीस्करपणे विसरलात. लटक्या उपचारांच्या तुलनेत त्यात दिसलेला फरक इतका लहान होता की, रुग्णाला तो जाणवेल की नाही याचीच शंका आहे.

पाठकणा: त्या चाचणीत उपचार करणारे ऑस्टिओपॅथ हे अमेरिकेतील डी.ओ.सारखे डॉक्टर नव्हते, हे आपल्याला ठाऊक असूनही आपण लिहीत नाही. माझ्या आईची मान ज्यांनी सोडवली, त्या डी.ओ. बाईंना मी तुमची ती चाचणी दाखवू का?

लॅबकर: आईंना आराम पडला याचा आनंद आहे, पण तो पुरावा नव्हे. अशा प्रतिसादांमुळेच परीक्षक आमचे अर्ज वाचण्याआधी भुवया उंचावतात.

ईस्ट लान्सिंग: मिशिगन स्टेट विद्यापीठाचे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय 1971 पासून या मोठ्या विद्यापीठाच्या आत आहे, त्यामुळे प्रयोगशाळा, संख्याशास्त्रज्ञ आणि सहकारी शेजारीच मिळतात. ओहायो विद्यापीठाच्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाला 2011 मध्ये एका प्रतिष्ठानाने साडेदहा कोटी डॉलर दिले. मॉलशेजारच्या इमारतीत नव्याने उघडलेल्या खासगी महाविद्यालयाने यांची नक्कल केली, तर फार तर फलक उभा राहील. त्याने शेजारच्या विद्यापीठाशी संयुक्त नेमणुकांचा करार करावा आणि ग्रामीण दवाखान्यांतील प्रश्न निवडावेत. तेथील रुग्णांपर्यंत मोठी विद्यापीठे सहसा पोहोचत नाहीत.

मूळगाव: हे पटण्यासारखे आहे, म्हणून नाइलाजाने मान्य करतो. यूएसएमएलई या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण 2022 पासून बंद होऊन फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण कळू लागल्यावर अस्थिशल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणाच्या जागेसाठी मुलीकडे शोधनिबंध मागत आहेत, आणि तिच्या महाविद्यालयात मार्गदर्शन करू शकेल असा एकच प्राध्यापक आहे. ग्रामीण दवाखान्यांतील संशोधनाचा पहिला अर्ज लॅबकरांनी लिहावा. रोटेशनसाठी फोन करण्याचा अनुभव असलेली एक सहायक मी विनामूल्य पुरवतो.