आमचे आप्पा : ज्यांनी पाहिले, त्यांनी लिहा

आप्पांना जाऊन काल महिना झाला. दहाव्याला घाटावर जी माणसं आली त्यातली निम्मी आम्ही ओळखतच नव्हतो. एक गृहस्थ चंदगडहून एसटीने आले होते. फोटोसमोर काजूची पिशवी ठेवली, नमस्कार केला आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. नाव विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून मनात आहे की आप्पांचं जे आयुष्य तुरुंगाच्या गेटच्या आत गेलं ते आम्हाला ठाऊकच नाही.

माहितीसाठी: आप्पा तुरुंग खात्यात शिपाई म्हणून लागले, हवालदार झाले, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पुण्याचं येरवडा, कोल्हापूरचं कळंबा, मधली काही वर्षं पैठणचं खुलं कारागृह, पुन्हा येरवडा. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून (गावच्या मास्तरांची कृपा), म्हणून 58 पूर्ण होताना 31 मे रोजी टोपी उतरवली. कुणाला ते रागावले असतील, कुणाशी वाकडं आलं असेल, तर तेही लिहा. गोडगोड नको. त्यांना ते आवडलं नसतं.
— मुलगी

*

आम्ही जेलच्या क्वार्टर्समध्ये समोरासमोर. संध्याकाळी आत कैदी बराकीत बंद होऊन टोटल लागली, म्हणजे मोजणीचा आकडा जुळला, की मगच ड्युटीवरची माणसं घरी यायची. एकाचाही आकडा चुकला तर सगळे आतच. आई म्हणायची, "आज टोटल लागली नाही वाटतं," आणि कुकर उतरवून ठेवायची.

आप्पा मात्र घरी येऊन पुन्हा मोजायचे. चाळीच्या तोंडाशी उभं राहून आम्हा पोरांना. बोटाने नव्हे, नुसत्या डोळ्यांनी, दोन-दोन करत. एकदा एक कमी भरला. कमी भरलेला मी होतो, पाण्याच्या टाकीमागे झोपलो होतो. आप्पा अंगातला गणवेशही न काढता अख्ख्या लाइनीत फिरले. सापडल्यावर मारलं नाही. खांद्यावर घेतलं आणि माझ्या आईला म्हणाले, "घ्या, टोटल बरोबर." पट्ट्याचं बक्कल पोटरीला टोचत होतं, ते अजून आठवतं.
— क्वार्टर्समधला, आता नाशिकला

*

मी त्यांच्या हाताखाली नवीन शिपाई. पहिल्याच महिन्यात माझ्या बराकीचा आकडा एकने कमी आला. येरवड्याची कागदावरची क्षमता अडीच हजारही नव्हती आणि आत माणसं त्याच्या दुपटीला टेकलेली, त्यामुळे एक माणूस म्हणजे गवताच्या गंजीतली सुई. घाम फुटला. आप्पा आले, सगळ्यांना पुन्हा जोडीने बसवलं, शांतपणे मोजलं. मग माझ्या हातातला कागद बघितला. एक बंदी दुपारीच दवाखान्यात गेला होता, तो मी वजा करायचा विसरलो होतो.

वरती काही कळवलं नाही. सुटल्यावर टपरीवर नेलं, चहा सांगितला आणि काडेपेटी पुढ्यात उपडी केली. "मोज. जोडीजोडीने." मोजून झाल्या की त्यातली एक काढून खिशात घालायचे. "आता मोज." टपरीवाला हसत होता. चहा गार झाला. पण त्यानंतर माझा आकडा कधी चुकला नाही.

कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचे. तिसऱ्यांदा नाही. म्हणायचे, तिसऱ्यांदा ओढलं म्हणजे पहिल्या दोन वेळी लक्ष नव्हतं.
— रिटायर्ड हवालदार, सातारा

*

मी चुलतभाऊ. "गोडगोड नको" म्हणालीस म्हणून लिहितो. माझा मेहुणा एका मारामारीत आत गेला, न्यायाधीन म्हणून, म्हणजे खटला अजून चालू होता. मी आप्पाकडे गेलो. जास्त काही नाही, मुलाखतीला, म्हणजे भेटीला, रांगेत जरा पुढे घ्यावं आणि बाहेरचा डबा आत जावा, एवढंच. आप्पा म्हणाला, "रांगेत उभा राहा. मीही तुला बघून बघितल्यासारखं करणार नाही." आणि खरोखर केलं नाही. माझी बहीण उन्हात तीन तास उभी होती. आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. मला अजूनही वाटतं, एवढं तो करू शकला असता.
— काका

*

मी आत होतो. कशासाठी ते इथं लिहीत नाही. कळंब्याला आप्पा हवालदार असताना मी त्यांच्या सर्कलला, म्हणजे तुरुंगाच्या त्यांच्या भागात.

विडी मागितली, कधी दिली नाही. मी कुरकुर केली की म्हणायचे, "तुला दिली तर शेजारच्याला काय सांगू?" पहिल्यांदा संचित रजेचा (शिक्षेच्या काळात काही दिवस घरी जायच्या सुट्टीचा) अर्ज केला तेव्हा अडलं जामीनदारावर. गावात माझ्यासाठी सही करणार कोण? पोलिसांचा अहवालही विरुद्ध. आप्पांनी फुकटचा धीर दिला नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या बाजूनं कोर्टात कोण आलं होतं?" एक मामा आला होता. "मग त्याला लिही." मला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या एका बंद्याकडून पत्र लिहून घेतलं. आप्पा समोर उभे. मी काय सांगायचं ते गोल गोल फिरवत होतो, तर म्हणाले, "मामाला आधी विचार तरी, बरा आहेस का." मामानं सही केली. तीन खेपांनंतर रजा मिळाली.

बाप गेल्याची तार आली तेव्हा रात्रपाळी त्यांची होती. गस्त घालायचे आणि दर फेरीला माझ्या गजांपाशी थांबायचे. बोलले एकदाच, "भत्ता खाल्लास का?" भत्ता म्हणजे आतलं जेवण. नव्हता खाल्ला. खा म्हणाले नाहीत. पुढच्या फेरीला पुन्हा थांबले.

ताई, चंदगडचा तो माणूस मला ठाऊक आहे. आम्ही एकाच बराकीत होतो. नाव त्याला विचारून सांगतो.
— एक

*

मी सध्या खात्यात आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये येरवडा बाहेरून पूर्ण बंद केलं होतं, तेव्हा आमची तुकडी आतच मुक्कामाला. घरच्यांचे फोन यायचेच, पण रात्री आठच्या सुमाराला आप्पांचाही यायचा. निवृत्त होऊन किती वर्षं झालेली! "टोटल?" मी आकडा सांगायचो. "आणि स्टाफची?" ती आमची कुणी विचारत नव्हतं. मग रोज तीही सांगायला लागलो.
— शिपाई

*

सासूबाईंना अर्धांगवायू झाला त्याला सहा वर्षं झाली. उजवा हात गेला. केसांचा प्रश्न आला, कारण केस कापायला त्या तयार नाहीत आणि माझी सकाळची गाडी सातची. आप्पांनी शेजारच्या मुलीला बसवून घेतलं आणि तिच्या डोक्यावर तिपेडी वेणी शिकले. बाहत्तरीच्या घरात होते. पहिले आठ दिवस वेणी वाकडी यायची. सासूबाई आरशात बघून म्हणायच्या, "सुभेदार, ही कैद्याची दोरी झाली." मग परत सोडायची, परत घालायची. शेवटी रिबिनीला दोन गाठी. आणि ती दोनदा ओढून बघायचे. वरचं कुलपाचं वाचलं आणि आत जाऊन रडून आले.

आता वेणी मी घालते. सासूबाई म्हणतात सैल होते.
— सून

*

आजोबांनी मला येरवड्यातल्या त्या आंब्याच्या झाडाबद्दल इतक्यांदा सांगितलं होतं की इतिहासाच्या पेपरला पुणे करार, 24 सप्टेंबर 1932 हे लिहिताना मी खाली "आंब्याच्या झाडाखाली" असंही लिहिलं. गांधीजींनी घडीचा पेटी-चरखा येरवड्यातच जमवला हेही त्यांचंच. मार्क मिळाले नाहीत. आजोबा म्हणाले, "बाईंनी झाड बघितलं नसणार."
— नात, नववी ब

*

ताई, त्याला विचारलं. नाव नको म्हणाला. पैठणला शेतीवर आप्पांच्या हाताखाली दोन वर्षं होता. तिथं भिंत नव्हती, तरी आप्पा संध्याकाळी मोजायचे, आणि त्यानं एकदा विचारलं होतं की पळायचं असतं तर सकाळीच पळालो नसतो का. आप्पा म्हणाले होते, "तू पळतोस का ते बघत नाही. तू आहेस का ते बघतो."

घरी आता काजूची दीडशे झाडं आहेत त्याची. आईंना विचारायला सांगितलंय, पुढच्या खेपेला भाजलेले आणू की कच्चे.
— एक