मुंबईला मुलाखत आहे, फाइलमध्ये काय काय ठेवू?

सी-३०२: सर्वांना नमस्कार. आयआयएमच्या एमबीएसाठी मुलाखतीचं बोलावणं आलंय. पुढच्या शुक्रवारी सकाळी ९ ला मुंबईत. आपल्या बिल्डिंगमधून आधी कुणी जाऊन आलंय का? सोबत काय काय न्यायचं?

ए-१०१ काका: अरे वा! अभिनंदन भो. जळगावचं नाव काढ.

बी-२०४ ताई: अभिनंदन बेटा! मागच्या वर्षी आमची मुलगी जाऊन आली, म्हणून सविस्तर लिहिते. आधी बोलावण्याच्या पत्राची प्रिंट काढ. नुसतं मोबाइलवर ठेवू नकोस, गेटवर कागदच मागतात. आधार किंवा पॅन मूळ. दहावी, बारावी आणि डिग्रीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मूळ मार्कशीट. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स, त्यावर तुझी स्वतःची सही. फॉर्मवर जो फोटो लावलास त्याच फोटोच्या सहा प्रती. शेवटच्या वर्षाला असशील तर कॉलेजचं बोनाफाइड.

बी-२०४ ताई: आता खरं दुखणं सांगते. हिच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, डिग्रीच्या मार्कशीटवर शेवटी. आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे ओ-यू, दुसरीकडे ए-यू. कागद तपासणारे दोन्ही शेजारी ठेवून बघत बसले. पोरगी आधीच घाबरलेली. आम्ही आदल्या आठवड्यात प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं म्हणून निभावलं. तू आज रात्री सगळे कागद पलंगावर पसर आणि तुझं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख एकेक अक्षर जुळवून बघ. हे काम गाडीत बसल्यावर होत नाही.

सी-३०२: ताई, खूप आभार. माझी दहावीची मार्कशीट गावी पेटीत चार घड्या घालून ठेवली होती. घडीवर बैठक क्रमांकाचे दोन आकडे पुसट झालेत. लॅमिनेशन करून घेऊ का?

बी-४०१ सर: लॅमिनेशन अजिबात करू नकोस! पुढे कुठे साक्षांकनाचा शिक्का मारायची वेळ आली तर प्लॅस्टिकवर बसत नाही. जाड प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये सरकव, काढता-घालता येतं. आणि डुप्लिकेटसाठी बोर्डाकडे अर्ज करून ठेव. या आठवड्यात मिळणार नाही, पण पुढे लागेल.

बी-४०१ सर: तू ओबीसीतून फॉर्म भरलायस ना? दाखला कोणता आहे?

सी-३०२: हो सर. नॉन-क्रिमिलेअर आहे, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला काढलेला.

बी-४०१ सर: मग तो राज्याच्या नमुन्यातला असणार. आयआयएम केंद्राच्या संस्था, त्यांना केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. दोन्ही कागद दिसायला सारखे, म्हणून आपली पोरं फसतात. शिवाय दाखला कोणत्या तारखेनंतरचा हवा तेही पत्रात दिलेलं असतं, ती ओळ नीट वाच. उद्या सकाळी सेतूत जा आणि अर्जाच्या आधीच 'केंद्र शासनाचा नमुना' असं स्पष्ट सांग. तहसीलमध्ये कुणी 'एकच आहे हो' म्हणालं तरी ऐकू नकोस.

ए-३०३ वहिनी: सर, आमच्याकडे एसईबीसीचा, म्हणजे मराठा आरक्षणाचा दाखला आहे. धाकट्याला पुढच्या वर्षी चालेल का?

बी-४०१ सर: नाही वहिनी. एसईबीसीचं १० टक्के आरक्षण राज्याच्या २०२४ च्या कायद्याचं आहे, केंद्राच्या संस्थांत लागू नाही. उत्पन्न आणि जमिनीच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढा. तो आर्थिक वर्षापुरता असतो, दरवर्षी नवा लागतो.

ए-१०१ काका: गाडीचं सांगतो. रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी थेट मुलाखतीला उभा राहू नकोस. मनमाडपुढे गाडी रखडली की पोटात गोळा येतो, मी नोकरीत शंभर वेळा अनुभवलंय. गुरुवारी सकाळीच निघ. फाइल पाठीवरच्या बॅगेत, झोपताना उशाखाली. वरच्या फळीवर नाही.

बी-२०४ ताई: आणि बेटा, कागदांइतकंच तुझं गाव सोबत ने. हिला पहिलाच प्रश्न 'जळगावबद्दल सांगा' असा आला, आणि ही 'सोनं आणि भरीत' म्हणून थांबली. अजून हळहळते. तुझं तर घर रावेरचं, केळीच्या बागेतलं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे सांग, पण त्यापुढेही बोल. बाजार समितीच्या बोर्डावर एक भाव असतो आणि बांधावर व्यापारी दुसराच सांगतो, त्यात तुझ्या वडिलांचं काय होतं ते सांग. एमबीएवाल्यांना त्याहून चांगलं उदाहरण कोण देणार?

सी-३०२: ताई, बाबांच्या प्रत्येक शर्टाच्या बाहीवर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत, कशानेच जात नाहीत. भावाचा हिशोब ते घरी वहीत लिहितात. मी ती वही कधी नीट बघितलीच नाही.

बी-४०१ सर: ती वही बघ. आणि अमळनेर विसरू नकोस. विप्रोची सुरुवात तिथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ ला आपल्या फैजपूरला. पाठ करू नकोस, माहीत असू दे.

ए-१०१ काकू: गुरुवारी डबा माझ्याकडून. कळण्याची भाकरी आणि ठेचा.

सी-३०२: काकू, नक्की. सर, आत्ता सगळे कागद पसरलेत. बारावीच्या मार्कशीटवर आईच्या नावात एक अक्षर कमी आहे.

बी-४०१ सर: फोटो काढून मला वेगळा पाठव. उद्या सेतूत जाताना मी पण येतो, तिथूनच प्रतिज्ञापत्राचं बघू. दहाला खाली उभा राहा.