'नॉर्म'ला मराठीत काय म्हणाल?

ओसरी: कायद्याचा तत्त्वज्ञ हान्स केल्सन, त्याच्यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. त्याचं म्हणणं, 'आहे'मधून 'असावं' निघत नाही. 'असं असावं' हे सांगतो तो नॉर्म; एक नॉर्म वैध ठरतो तो वरच्या नॉर्ममुळे. असं चढत शेवटी ग्रुंडनॉर्म, म्हणजे मूलभूत नॉर्म, तो गृहीतच धरायचा. मी 'नियम' लिहिलं. संपादकांनी खोडलं: "गुरुत्वाकर्षणाचाही नियमच असतो." त्यांनी सुचवलं 'प्रमाणक'. कायदा आणि नीती, दोन्हीकडे चालेल असा शब्द हवाय.

लेखापाल: प्रमाणक नको हो! आमच्याकडे प्रमाणक म्हणजे व्हाउचर. 'मूलभूत प्रमाणक' वाचून मी चहाची पावती शोधेन.

चिंचेखाली: दंडक! आजी म्हणायची, "या घरचा दंडक आहे, शेवटच्या माणसाचं ताक-भात होईपर्यंत पानावरून उठायचं नाही."

ओसरी: त्यात दंड आला ना. केल्सनच्या कायद्याला शोभेल, कारण त्याचा नॉर्म 'अमुक केलं तर शिक्षा व्हावी' असाच असतो. पण नीतीचं काय?

चिंचेखाली: दंड म्हणजे मापायची काठी, शिक्षा नव्हे. (व्युत्पत्ती माझी, घरगुती.) आजी शिक्षा कुठे करायची? नुसती बघायची.

पूर्वपक्ष: 'विधी' असताना ही धडपड कशाला? वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा विधी-निषेध घ्या. 'स्वर्गकामो यजेत', म्हणजे स्वर्ग हवा त्यानं यज्ञ करावा. मराठीत यावे-करावेचा विध्यर्थसुद्धा आहे.

लेखापाल: विधी म्हटलं की लोकांना लग्न आठवतं, नाहीतर प्रातर्विधी.

पाणपोई: 'नियम'च ठेवा. कायद्याचाच दुसरा तत्त्वज्ञ हार्ट, त्यानं १९६१ साली सवय आणि नियम यांतला फरक दाखवला, तोही साधा 'रूल' शब्द वापरून. चारला चहा ही सवय; नाही प्यायलात तर कुणी हटकत नाही. चपला घालून गाभाऱ्याकडे निघा, मग कळेल. गुरुत्वाकर्षणाला कोण हटकतं?

पूर्वपक्ष: मग सरळ 'नॉर्म'च लिहा की! मराठीचं वाटोळं व्हायचं ते होऊ दे.

पाणपोई: वकील, फिर्याद, जामीन कुठून आले, बुवा? शिवाय लॅटिनमध्ये 'नोर्मा' म्हणजे सुताराचा काटकोन्या. किती छान!

लेखापाल: काटकोन्या? गुण्या म्हणतात त्याला. "भिंत गुण्यात नाही," असं आमचा गवंडी रोज ऐकवायचा.

ओसरी: लेख उद्या द्यायचाय हो...

चिंचेखाली: गवंड्याचा तो गुण्या, सुताराचा काटकोन्या. आमच्याकडे तरी.

लेखापाल: तुमच्याकडे म्हणजे कुठे?