शब्दचर्चा : ‘कोचिंग इन’ला मराठीत काय म्हणावं?

पानगळ :
दिवाळी अंकासाठी इंग्लंडच्या प्रवासावरचा एक लेख मराठीत करतेय. त्यात लिंकनशरमधलं स्टॅमफर्ड येतं आणि तिथलं ‘द जॉर्ज’. भर गावातलं जुनं हॉटेल, लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडवर. घोड्यांच्या प्रवासी गाड्या इथे थांबायच्या, घोडे बदलायचे, उतारू जेवायचे, मुक्काम करायचे. आत शिरलं की दोन्ही हातांना दोन खोल्या. एकीच्या दारावर ‘लंडन’, दुसरीच्या दारावर ‘यॉर्क’. ज्याची गाडी जिकडे जाणार, त्यानं त्या खोलीत वाट बघायची. अशा जागेला मी सरळ ‘सराई’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘अश्वशकट-विश्रामगृह’ केलं. त्यांचं म्हणणं, सराई म्हटलं की उंट दिसतात. ‘कोचिंग इन’ तसंच ठेवावं, तर वाचकाला कोटा आणि लातूर आठवणार. काय करू?

टिचकी :
लातूरला घोडे बदलत नाहीत, तेच दामटतात. बाकी ‘कोच’ नकोच. आमच्या आजीकडे कोच म्हणजे सोफा, त्यावर पाहुण्यांशिवाय कुणी बसायचं नाही.

नीरक्षीर :
संपादकांचा शब्द जड आहे, पण दिशा योग्य आहे. सराई फारसी. ‘पांथशाळा’ असा सुटसुटीत शब्द घरात असताना शेजाऱ्याकडे वाटी घेऊन कशाला जायचं?

टिचकी :
पांथशाळा वाचून आमचं पोरगं विचारेल, कितवीपर्यंत आहे?

जुनाबाजार :
फारसी नको, तर मग दिवाळी अंक ‘कागदा’वर छापू नका आणि ‘दुकानां’त विकायला ठेवू नका. असो. उंटांचं म्हणाल, तर अजिंठ्याची लेणी बघायला लोक ज्या फर्दापूरला उतरतात, तिथे मुघल काळातली भलीमोठी सराई आहे. म्हणजे शब्द आणि वस्तू दोन्ही आपल्याच मुलखातली. माझी हरकत वेगळी आहे. सराईत तुम्ही आपलं जनावर बांधता आणि सकाळी तेच घेऊन निघता. थकलेला घोडा सोडून ताजा जुंपायचा, ही सोय डाकचौकीची. ‘डाक बसवणे’ म्हणजे वाटेत ठिकठिकाणी ताजे घोडे नाहीतर भोई तयार ठेवणे. पुढे ‘डाक’ पत्रांकडे गेली, ‘चौकी’ पोलिसांकडे, आणि जोडी फुटली. पानगळताई, ‘डाकचौकी’ बघा जमतंय का.

थेम्सकाठ :
डाकेचा धागा तिकडेही पक्का आहे. बाथचा जॉन पामर हा मुळात नाटकगृहवाला. त्यानं २ ऑगस्ट १७८४ ला ब्रिस्टलहून बाथमार्गे लंडनला टपालाची पहिली घोडागाडी सोडली. सोळा तासांत पोचली. दर दहा-पंधरा मैलांवर घोडे बदलायचे. गाडीवरचा रखवालदार आधीच शिंग फुंकायचा, म्हणजे गाडी अंगणात येईपर्यंत ताजे घोडे तयार. पत्रांबरोबर मोजके उतारूही असायचे. रेल्वे आली आणि १८४६ च्या सुमारास लंडनहून सुटणाऱ्या या गाड्या संपल्या.

आणि टिचकी, आजीचा सोफा वेगळ्या शब्दावरून आलाय. गाडीचा कोच मात्र हंगेरीतल्या ‘कोच’ नावाच्या गावाचा. तिथल्या गाड्या नावाजलेल्या. क्रिकेटचा आणि लातूरचा कोच या गाडीवरूनच आलाय, विद्यार्थ्याला परीक्षेपलीकडे वाहून नेणारा. इंग्लंडात आज कोच म्हटलं की लांब पल्ल्याची बस.

टिचकी :
म्हणजे लातूर आठवणं बरोबरच होतं!

पानगळ :
माहितीबद्दल सगळ्यांचे आभार. पण ‘डाकचौकीत दोन रात्री काढल्या’ असं लिहिलं, तर लेखिका पोस्टाच्या पायरीवर झोपली असं वाटेल. तिला तिथे चांगली खोली मिळाली होती. ती मस्त उतरली होती.

बडोदेकर :
उतरली! शब्द तुमच्याच वाक्यात आहे की. घोड्यावरून उतरायचं, तेच मुक्कामाला उतरायचं. ‘कुठे उतरलात?’ असं आपण अजून विचारतो. म्हणून प्रवासी तो ‘उतारू’. आम्हा बडोद्याच्या मराठी घरांत मुक्कामाच्या जागेला सर्रास ‘उतारा’ म्हणतात. ‘पाहुण्यांचा उतारा कुठे ठेवलाय?’ गुजरातीत तर हा रोजचा शब्द. ‘गाडीउतारा’ करून टाका.

टिचकी :
आमच्याकडे उतारा तीन प्रकारचा. तलाठ्याकडचा, तिठ्यावरचा लिंबू-नारळाचा, आणि आदल्या रात्रीवरचा. तुमचा चौथा.

बडोदेकर :
हसा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून बघा आधी.

नीरक्षीर :
‘उतारा’ माझ्या कानाला गुजरातीच लागतो.

जुनाबाजार :
नीरक्षीर, उत्+तृ. याहून संस्कृत काय हवं तुम्हाला?

फोंडेकर :
गोव्यात देवळांच्या आवारात ‘अग्रशाळा’ असतात. मंगेशीला, कवळ्याला शांतादुर्गेला जे महाजन कुळाचाराला येतात, ते तिथे उतरतात. जुन्या लांब पडव्या, ओळीनं खोल्या, मधे अंगण. साउथवर्कच्या जॉर्जचा फोटो बघितला तेव्हा मला आधी तेच आठवलं.

थेम्सकाठ :
साउथवर्कचा जॉर्ज निराळा, स्टॅमफर्डचा निराळा. लंडनमध्ये गाड्यांच्या काळातलं, सज्जे असलेलं एवढंच उरलंय. १६७६ च्या आगीनंतर १६७७ मध्ये पुन्हा बांधलेलं. चारी बाजूंचा चौक होता, पण रेल्वे कंपनीला मालाचं आवार हवं होतं. तिनं बहुतेक भाग पाडला आणि दक्षिणेची बाजू तेवढी ठेवली. १९३७ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे. पण तिथे राहता येत नाही, बसून प्यायचं फक्त. चारी बाजूंचे सज्जे बघायचे तर ग्लॉस्टरचं ‘न्यू इन’. नाव ‘नवं’, बांधलं १४५० च्या सुमारास, तेही मठानं, यात्रेकरूंसाठी. दुसऱ्या एडवर्ड राजाच्या थडग्याला लोक यायचे.

फोंडेकर :
बघा, यात्रेकरूच. मग ‘अग्रशाळा’ काय वाईट?

घाटमाथा :
वाईट नाही, पण अग्रशाळेत बिअर मिळेल का? खरी अडचण तिथेच आहे. इंग्रजी ‘इन’मध्ये खाट, जेवण, दारू आणि तबेला एका छपराखाली, तेही कुणाही येणाऱ्याला. आपल्याकडे या चार वस्तूंची चार ठिकाणं. धर्मशाळेत ओसरी मिळेल, चूल तुम्ही मांडायची. खानावळीत ताट मिळेल, पाठ टेकायला नाही. दारू गावाबाहेर. कारण उघड आहे, कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या पंक्तीला बसायचं, हे ठरलेलं होतं. पंढरपूर-नाशिकला उपाध्यांच्या घरी उतरायचं, तेही वहीत आपलं कूळ सापडल्यावर. अनोळखी माणसाला पैसे मोजून जेवण-झोप देणारी जागाच नव्हती, तर शब्द कुठून येणार?

नीरक्षीर :
शब्दाच्या धाग्यात जात आणलीत. अपेक्षित होतं.

जुनाबाजार :
घाटमाथा, अर्धं खरं. सराईत भटियारी असत, ते रांधून वाढत आणि खाटही देत. त्याच ‘भटियारखान्या’ला मराठीत आपण गलिच्छ गोंधळाचा अर्थ दिला, हे मात्र तुमच्याच बाजूनं जातं.

थेम्सकाठ :
‘कुणाही येणाऱ्याला’ हा तिथे नुसता रिवाज नाही, कायदा आहे. जागा असेल, माणूस धड असेल आणि पैसे देणार असेल, तर इनवाल्यानं प्रवाशाला परत पाठवायचं नाही. वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाईन आठवतो ना? १९४३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलानं तो काळा म्हणून त्याला ठेवून घ्यायला नकार दिला. वर्णभेदाविरुद्ध कायदा तेव्हा नव्हताच. तो कोर्टात गेला तो ‘इन’च्या या जुन्या नियमावर, आणि १९४४ मध्ये जिंकला. भरपाई पाच गिनी. म्हणून ‘हॉटेल’ लिहा नाहीतर ‘इन’, फरक पडतो.

वऱ्हाडपांडा :
हॉटेल लिहू नका बुवा. आमच्या अकोल्याकडे हॉटेल म्हंजे चहा अन् आलूबोंडा. रात्री राहाचं असन तं लॉज. लेखिका हॉटेलात दोन दिवस होती म्हणसान, तर लोक म्हणतीन एवढं काय खाल्लं?

टिचकी :
अहो, ‘लॉजवर दोन रात्री’ लिहिलं, तर लोक त्याहून वाईट बोलतील.

पानगळ :
😀 लेखात एक वाक्य आहे, ‘जुन्या तबेल्यांच्या आता खोल्या केल्यात’. तिथे ‘पागा’ लिहू का? ‘तबेला’ म्हटलं की मुंबईकराला म्हशी दिसतात.

नीरक्षीर :
अश्वशाळा.

टिचकी :
परत शाळा!

जुनाबाजार :
‘पागा’ म्हणजे घोडदळाची, सरकारी. भाड्याच्या घोड्यांना तबेलाच बरा. आणि तिथल्या माणसाला मोतद्दार म्हणा. जुन्या कोशात त्याला ‘खासदार’ही म्हटलंय.

घाटमाथा :
खासदार? घोड्याची चाकरी करणारा?

टिचकी :
घोडेबाजाराशी संबंध पूर्वापार आहे तर.

पानगळ :
संपादकांचा निरोप आलाय, पानं लावायला घेतलीत, संध्याकाळपर्यंत शब्द कळवा. माझ्यापुढे ‘घोडागाड्यांच्या वाटेवरची सराई’ आणि नुसतं ‘इन’ असे दोन उरलेत. मतं?

नीरक्षीर :
मघाशी ‘खानावळ’ हा शब्द आला. तो तरी शुद्ध मराठी आहे. खाणे, त्याला ‘आवळ’.

जुनाबाजार :
मग ‘ण’ कुठे गेला? ‘खाणावळ’ हवं होतं. हा फारसी ‘खाना’ आहे, मुदपाकखान्यातला.

बडोदेकर :
दोन्ही चूक. गुजरातीत ‘खाणावळ’च म्हणतात, ‘ण’ घेऊन.

नीरक्षीर :
म्हणजे मूळ रूप ‘ण’चंच, आणि मी म्हणतो तेच.

वऱ्हाडपांडा :
आमच्या इकडे तं मेस म्हणतेत.

जुनाबाजार :
नीरक्षीर, गुजराती पुरावा उताऱ्याला चालत नव्हता, खानावळीला चालतो?