माळ्यावरचा ज्युपिटर-८

बी-४०२: नमस्कार मंडळी 🙏 बाबांच्या माळ्यावरून एक कीबोर्ड निघालाय, जाम जड. ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे तेव्हाचा. उद्या भंगारवाला येतोय. त्याआधी कुणाच्या मुलाला हवा असेल तर घेऊन जा. फोटो टाकलाय.

ए-१०३ काकू: आमच्या नातवाला चालेल. त्यात टाळ्यांचा, कुत्र्याचा आवाज आहे का?

सी-६०१: थांबा!! फोटो झूम करून बघितला. रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ आहे हा. भंगारवाल्याला दारातसुद्धा उभं करू नकोस.

बी-४०२: एवढं काय आहे त्यात?

सी-६०१: १९८१ चा जपानी ॲनालॉग सिंथ, म्हणजे सिंथेसायझर. काकू, यात तयार आवाज भरलेले नसतात, आतली सर्किटं आवाज घडवतात. एका वेळी ८ स्वर, प्रत्येकामागे २ ऑसिलेटर (मूळ स्वर काढणारी सर्किटं), म्हणजे एकूण १६. गरम झाले की सूर हलतो, म्हणून ट्यूनचं वेगळं बटण दिलंय. पट्ट्या ६१, मधोमध तोडून दोन्ही हातांना वेगवेगळे आवाज लावता येतात. आर्पेजिओ चालू करून चार पट्ट्या धरून ठेवल्या की मशीन त्या एकेक करून वाजवतं: चढत, उतरत, दोन्ही किंवा वाट्टेल तसं. आपण जुळवलेले ६४ आवाज लक्षात ठेवतो. असे काही हजारच बनले, चांगल्या स्थितीतला आज लाखांत जातो.

सेक्रेटरी: उद्या टाकी साफ करणार आहेत. सकाळी १० ते १ पाणी बंद. पाणी भरून ठेवावे.

ए-२०५ आजोबा: जोरात दाबलं की आवाज मोठा होतो का पियानोसारखा?

सी-६०१: नाही आजोबा. हळू दाबा नाहीतर आपटा, तेवढाच.

ए-२०५ आजोबा: मग पेटीवाल्याला काय फरक पडतो! आमच्याकडे भाता तरी असतो.

सी-६०१: 😄 पण मुंबईत यावर राग वाजलेत. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. त्यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८ वर, सोबत रोलँडचीच टीबी-३०३ (बेस वाजवणारं मशीन) आणि टीआर-८०८ (ठेका देणारं मशीन) घेऊन, दहा राग डिस्को ठेक्यावर बसवले. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी चालली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चक्रावले, कारण असाच आवाज असलेलं शिकागोचं ॲसिड हाऊस हे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत १९८२ नंतर काही वर्षांनी आलं. ते मुंबईतच जन्मलं वगैरे म्हणणं मात्र मला जास्तीचं वाटतं. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा काही पुरावा नाही.

बी-४०२: बापरे. मग लावून बघतो आत्ताच.

सी-६०१: अजिबात नको! आधी मागची पट्टी वाच, किती व्होल्ट लिहिलंय?

बी-४०२: १००

सी-६०१: वाटलंच. जपानमध्ये विकायचा पीस आहे. आपल्या २३० च्या प्लगात घातलास तर संपला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्याच्याही आधी जाणकार कारागिराकडून उघडून घे. मेमरी टिकवणारी बॅटरी जुनी झाली की गळू शकते, बोर्ड खाते. स्लायडरवर तेल-बिल काही मारू नकोस.

ए-१०३ काकू: राहू दे बाई, नातवाला नको.

बी-४०२: भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं. पेपर, बाटल्या तेवढ्या नेईल.

ए-२०५ आजोबा: डावीकडे ती दांडी दिसते ती कशाला?

सी-६०१: बेंडर. आडवी ढकलली की सूर वर-खाली सरकतो.

ए-२०५ आजोबा: मग दुरुस्त झाला की मला बोलवा. भैरवातला आंदोलित रिषभ पेटीवर जन्मात निघाला नाही. या दांडीवर निघतो का बघू.