विषय: मे महिन्यात फीनिक्सला येतोय, काय आणावे?

प्रेषक: काकू, एरंडवणे

मंडळातील सर्वांस नमस्कार,

सुनेने मला मंडळाच्या या ई-मेल यादीवर घालून दिलं आहे. आम्ही दोघं मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून निघतोय. मुक्काम ॲरिझोनात, फीनिक्सला लागून असलेल्या चँडलरला, नोव्हेंबरपर्यंत. ह्यांचा पहाटेचा हनुमान टेकडीचा नेम आहे, तर तिथे फिरायला जवळपास टेकडी आहे का? ऊन आम्हाला काही नवीन नाही, एप्रिलमध्ये इथेही पारा चाळिशी गाठतो.

सोबत डिंक, अळीव, मेतकूट, कुरडया आणि कढीपत्त्याचं एक छोटं रोप आणायचा विचार आहे. माठ तिकडे मिळतो की आणावा लागेल? लवकर कळवावे, बॅगा माळ्यावरून काढल्या आहेत.

– काकू

•

प्रेषक: कर्वेनगर (पूर्वी फीनिक्सजवळचं टेंपी)

काकू, नमस्कार.

मी परत येऊन कर्वेनगरला स्थायिक झालो, पण यादीवरून नाव काढायचं राहून गेलंय. तेव्हा हा आगाऊपणा.

‘ऊन आम्हाला नवीन नाही’ असं तिकडे निघालेला प्रत्येक पुणेकर म्हणतो. पुण्यातला आजवरचा उच्चांक ४३.३ अंशांचा, ३० एप्रिल १८९७ रोजीचा. फॅरनहाइटमध्ये ११०. फीनिक्सला २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा ११० वर किंवा त्याच्याही पुढे होता. आपला सव्वाशे वर्षांचा विक्रम त्यांनी महिनाभर रोज गाठला. बरं, रात्री गच्चीत जाऊन बसावं तर तेही नाही. त्याच जुलैत सलग १६ दिवस पहाटेचं तापमानही ३२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं नव्हतं. जमत असेल तर तिकिटं ऑक्टोबरची करा. ऑक्टोबर ते मार्च त्या गावासारखी हवा नाही. माणसं अंगणात जेवतात, दिवाळीचे कार्यक्रम मोकळ्यावर होतात. उन्हाळ्यात मात्र सगळा संसार दाराच्या आत.

मेमध्येच जायचं असेल तर काकांनी टेकडी डोक्यातून काढावी. कॅमलबॅक आणि पिएस्टेवा पीक हे डोंगर गावातच आहेत, पण अतिउष्णतेचा इशारा असला की त्यांच्या वाटा दिवसाउजेडी कित्येक तास बंद ठेवतात. अडकलेल्यांना उचलून आणताना अग्निशमन दलाच्या जवानांनाच ऊन लागायला लागलं, तेव्हा हा नियम आला. जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो. काकांनी त्याच्याआधी निघावं, कालव्याच्या काठाने सपाट वाटेवर फिरावं आणि सहाला घरात यावं.

तिथला घाम दिसत नाही. अंगावर येतो न येतो तोच उडून जातो, त्यामुळे आपल्याला काही होतंय हे कळतच नाही. दहा मिनिटांसाठी बाहेर पडलात तरी पाण्याची बाटली हातात हवी. फीनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत एसी बंद पडलेल्या घरांतले वयस्कर लोकही होते. तेव्हा बिल वाढतं म्हणून उठून एसी बंद करायची आपली सवय कृपया पुण्यातच ठेवून जा. आणि अनवाणी अंगणाबाहेर पाऊल नको, डांबर ७० अंशांपर्यंत तापतं. मॅरिकोपा गावातल्या महागणपती मंदिरात जाल तेव्हा पर्समध्ये पायमोजे ठेवा.

कढीपत्त्याचं रोप नेऊ नका. विमानतळावर काढून घेतील, आणि सांगितलं नसेल तर दंडही लावतील. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्याच्यावर येणाऱ्या एका बारीक किडीमुळे संत्र्या-मोसंब्यांच्या बागाच्या बागा जातात, म्हणून ते इतके कडक. मेतकूट वगैरे चालतं, पण सोबत खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगा.

कुरडया नेण्याऐवजी सोऱ्या न्या. मे-जूनमध्ये हवेत दमटपणा नावालाही नसतो, सकाळी घातलेली कुरडई दुपारच्या जेवणापर्यंत खडखडीत वाळते. पापडाचं उलटं आहे. लाटता लाटताच कडा सुकून चिरतात, म्हणून लाट्या ओल्या फडक्याखाली ठेवायच्या आणि पंखा बंद करायचा. वाळवण मागच्या अंगणात घाला, पुढे घातलंत तर सोसायटीची चिठ्ठी येईल. जुलै लागला की मात्र आवरतं घ्या. धुळीची वादळं येतात, हबूब म्हणतात त्यांना. भिंतीसारखी धूळ चालून येते आणि दहा मिनिटांत समोरचं घर दिसेनासं होतं.

त्या मातीत एक बुरशी असते. ती श्वासातून आत गेली तर कधीकधी फुफ्फुसाचा आजार होतो, ‘व्हॅली फीवर’. पुण्याला परतल्यावर खोकला-ताप रेंगाळला तर डॉक्टरांना हे नाव आपणहून सांगा. इथे सगळ्यांना आधी टीबीच आठवतो.

•

प्रेषक: सचिव, चँडलर

काकू, या हो तुम्ही बिनधास्त! दादांनी पार घाबरवून टाकलंय. आम्ही इथेच राहतो, मुलं इथेच वाढली, आणि जुलै-ऑगस्टमधला संध्याकाळचा पाऊस तर त्यांनी सोयीस्करपणे गाळलाय. वर्षाचा सगळा पाऊस जेमतेम १८० मिलिमीटर, पण पहिला शिडकावा झाला की क्रिओसोटच्या झुडपांचा असा वास सुटतो की गाड्यांच्या काचा खाली होतात. एक मात्र ऐका. कोरडा ओढा बघता बघता भरतो. पाण्याखाली गेलेला भिडे पूल बघायला आपल्याकडे गर्दी जमते, इथे रस्त्यावर लावलेला अडथळा ओलांडून गाडी पाण्यात घातलीत तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदा आहे.

बाळंतपणाला येताय असं सुनबाईंकडून कळलं. शेक-शेगडी, धुरी यांचं नाव घरात काढू नका, छतावरचा धुराचा भोंगा अख्खी गल्ली उठवेल. अंघोळीच्या पाण्याची उलटी गंमत आहे. जुलैत थंड पाण्याच्या नळालाच गरम पाणी येतं, बाळाला घालण्याआधी हात घालून बघायचंच.

माठ आणू नका, माझ्याकडे जास्तीचा आहे. कोरड्या हवेत पाणी फार छान गार होतं. भाजीला मेक्सिकन दुकानात चला माझ्याबरोबर. कोथिंबीर, चिंच, पेरू तर असतातच, पण ‘व्हर्डोलागास’ म्हणून जुड्या असतात त्या म्हणजे आपली घोळ! रात्री अंगणात विंचू शोधायला मुलांकडे जांभळा टॉर्च आहे, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतात. सकाळी बूट झटकून घालायचे, एवढंच.

आणि पुण्याला फोन करायचा हिशेब सोपा. ॲरिझोनात घड्याळं मागेपुढे करत नाहीत, बारा तास तीस मिनिटं, बारा महिने.

•

प्रेषक: काकू, एरंडवणे

दोघांचेही आभार. ऑक्टोबरचं म्हणाल तर तारीख डॉक्टरांनी जूनची दिली आहे आणि नातवंड थांबायला तयार नाही, तेव्हा मेच. रोप शेजारी दिलं. सोऱ्या आणि तीन जाळ्या बॅगेत गेल्या. धुरीचं मी सुनेच्या आईंना अजून सांगितलेलं नाही, त्या पुढच्या महिन्यात येणार आहेत. ते सचिवबाईंनीच त्यांना कळवावं, मी सांगितलं तर वेगळा अर्थ निघेल.

ह्यांनी मेल दोनदा वाचून एकच प्रश्न विचारला आहे. १८० मिलिमीटर पावसाच्या गावात कालवे कसले, त्यांना पाणी कुठलं? (हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत, म्हणून.)

•

प्रेषक: कर्वेनगर

काकांना नमस्कार सांगा. हे आधी सांगायला हवं होतंत काकू, मी टेकडीवर एवढे शब्द खर्चले नसते.

पाणी दोन वाटांनी येतं. सॉल्ट नदीचं धरणांतून येतं, त्यातलं रूझवेल्ट धरण १९११ चं. कोलोराडो नदीचं पाणी हवासू सरोवरातून उचलून ५४० किलोमीटर कालव्याने वाळवंटातून आणलंय. गावातले जुने कालवे मात्र तिथल्या मूळच्या होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हाताने खणलेल्या चरांच्या मार्गांवरून जातात, आणि उतार आजही जुळतो. काकांनी तो स्वतः बघावा.

टेंपीच्या जुन्या वस्तीत अजून घरोघरी अंगण भिजवायला पाणी सोडतात. उन्हाळ्यात साधारण पंधरवड्याला आवर्तन असतं, ज्याची पाळी त्याने उठून झडप उघडायची, मग रात्रीचे दोन का वाजेनात. वीतभर पाणी साचतं, त्यात मोसंबीची झाडं उभी असतात. आमच्या जुन्या शेजाऱ्यांची पाळी बहुतेक वेळा मध्यरात्रीच येते आणि त्यांना सोबत हवीच असते. मी त्यांना लिहितो. रबरी बूट त्यांच्याकडे जास्तीचे आहेत, फक्त काकांच्या पायाचं माप कळवा.