प्रतिसाद: मोजायला सल्लागार कशाला? बिलं काढा

वर कोणीतरी म्हटलंय की आपल्या धंद्यातून हवेत किती कार्बन जातो ते मोजणं मोठ्या कंपन्यांचं काम, जळगावच्या दालमिलवाल्याला ते झेपणार नाही. मला नाही पटत. वर्षभराची वीजबिलं आणि डिझेलच्या पावत्या घेऊन बसा. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, कारण आपली वीज अजून बरीचशी दीपनगरसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. डिझेलचे लिटरमागे सुमारे २.७ किलो. झाला निम्मा हिशेब.

खरी मेख रावेर-सावद्याकडच्या केळी पिकवण्याच्या खोल्यांत आहे. तिथल्या कूलिंग यंत्रातला गॅस गळतो, मिस्त्री येऊन पुन्हा भरतो, आणि खर्च 'दुरुस्ती'त जातो. तो आर-२२ (कूलिंगसाठी वापरला जाणारा एक गॅस) असेल तर १० किलो गळती म्हणजे जवळपास १८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी! तेवढ्यासाठी साधारण २५,००० युनिट वीज जाळावी लागेल. म्हणून छतावर सोलर बसवण्याआधी गॅसच्या नळ्यांचे सांधे तपासा. स्वस्तातलं काम आहे, पण त्याचा फोटो चांगला येत नाही ना!

पालिकेचंही तसंच. डेपोत कुजणाऱ्या ओल्या कचऱ्याचा मिथेन वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. एलईडी दिवे लावा जरूर, पण आधी घंटागाडीत ओला-सुका वेगळा ठेवा.